अल्बम नोंद: चौथा ट्रॅक आणि मागे सरकणारा पल्सार

मागच्या नोंदीनंतर माझ्या गायकाशिवायच्या अल्बममधल्या आठपैकी पाच ट्रॅकच्या ऱ्हिदम गिटार वाजवून झाल्या. डाव्या आणि उजव्या स्पीकरचा टेक (रेकॉर्डिंग) वेगळा वाजवलाय, कॉपी-पेस्ट कुठेही नाही. बेस अजून दोनच ट्रॅकवर आहे. बाकी सगळा वेळ चौथ्या ट्रॅकने घेतला.

हा ट्रॅक सर्वात आधी सापडलेल्या पल्सारवर, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यावर आहे. जोसेलिन बेल यांना १९६७ साली केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखांवर दिसलेला तोच. दर १.३३७३ सेकंदांनी एक स्पंद, इतका नियमित की परग्रहावरून कोणी हाक मारतंय का, असा विचारही तेव्हा झाला होता. सिंथेसायझरवर एक कोरडा, बारीक 'टक' बनवला आणि त्याच अंतराने ट्रॅकभर लावला. टेम्पो ९० होता, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. ९० ला दोन ठोक्यांचा वेळ १.३३३३ सेकंद. म्हणजे प्रत्येक स्पंद आधीच्यापेक्षा साधारण ४ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याने काय फरक पडतो, असं मला वाटलं होतं.

पाचव्या-सहाव्या स्पंदापासून फरक ऐकू यायला लागला. किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) आणि 'टक' एकमेकांच्या पायात पाय अडकवत होते. टेम्पो ८९.७३ केला, तर सगळं घट्ट बसलं, पण त्यातला जीव गेला. 'टक' म्हणजे ताल मोजणारा दुसरा मेट्रोनोमच वाटायला लागला. म्हणून पुन्हा ९० वर आलो आणि या वेळी न थांबवता शेवटपर्यंत ऐकलं. पावणेचार मिनिटांच्या आसपास अंगावर काटा आला. पल्सार सरकत सरकत पूर्ण एक ठोका मागे गेला होता आणि सुरुवातीला किकवर पडणारा स्पंद आता नेमका स्नेअरवर (ड्रमच्या कडक, तीक्ष्ण ठोक्यावर) पडत होता.

मग कागद-पेन घेतलं. एक ठोका मागे पडायला १६८ स्पंद लागतात, म्हणजे ३३६ ठोके आणि वर एक. माझा मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) सात अर्ध्या ठोक्यांचा, ड्रम मात्र ४/४ मध्ये, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या आवर्तनात. दोघं दर २८ ठोक्यांनी समेवर भेटतात. आणि ३३६ म्हणजे २८ चे बरोबर बारा फेरे! बाराव्या फेऱ्यानंतर रिफ समेवर येतो आणि पुढच्याच ठोक्याला स्नेअर आणि पल्सार एकत्र पडतात. हे मी ठरवून केलेलं नाही, पण आता अख्खा ट्रॅक याच क्षणाभोवती बांधतोय.

अडचण फक्त दोन्ही टोकांना. 'टक' आणि ड्रममध्ये २०-३० मिलिसेकंदांचं अंतर असेल, तर ऐकणाऱ्याला ड्रमर ढिला वाटतो. ८० च्या पुढे तेच अंतर प्रतिध्वनीसारखं वाटतं. म्हणून पहिले वीस स्पंद किक नाही, फक्त पॅड (सिंथेसायझरचे मऊ, पसरट सूर) आणि गिटारचे लांब सूर. शेवटच्या वीस स्पंदांना स्नेअर काढलाय, तो थेट १६८ व्या स्पंदाला परत येतो. मधले ड्रमचे भराव (फिल) जवळजवळ सगळे उडवले. गायक नसलेल्या संगीतात गोष्ट सांगायला एवढी एकच सरकणारी रेघ आहे, ती झाकून चालणार नाही.

गिटारचं थोडक्यात: सातवी तार खाली 'ए' सुराला, ५५ हर्ट्झवर उतरवलीय. जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर चढत होता. जाड तार लावली, पाम म्यूटचा (तळव्याने तार दाबणारा) हात हलका केला, आता सूर जागेवर राहतो. चौथ्या ट्रॅकचे जुने टेक मात्र पुसून पुन्हा वाजवावे लागले.

सहावा ट्रॅक ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सात ग्रहांवर आहे. सर्वात बाहेरच्या ग्रहाच्या दोन फेऱ्या होतात, तोवर आतले जवळपास ३, ४, ६, ९, १५ आणि २४ फेऱ्या मारतात. सातही लयी एकदम वाजवल्या तर नुसता गोंगाट होतो, हे करून पाहिलंय. सध्या २, ३ आणि ४ एवढेच ठेवलेत: २ बेसला, ३ गिटारला, ४ हाय-हॅटला (ड्रमच्या झांजांना). ९ ची लय टॅपिंगमध्ये (गिटारच्या तारांवर बोटं आपटून वाजवण्यात) बसते का, ते पुढच्या आठवड्यात पाहणार आहे.