रानाव्हायरस पटावर, नोंद चौथी: बेडूकमासा का हरतो?

मंडळी, बेडूक विरुद्ध रानाव्हायरस (बेडकांना मारणारा विषाणू) हा पटावरचा खेळ मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीनंतरचे तीन रविवार त्याची चाचणी खेळण्यात गेले. पट तोच, जुन्या कॅरमबोर्डाच्या पाठीवर रंगवलेला. विषाणू म्हणजे कॅरमच्या काळ्या सोंगट्या आणि पत्ते जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले. काही पत्त्यांच्या पाठीवर ‘चि. सौ. कां.’ दिसतं, तेवढं चालवून घ्या.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: एक खेळाडू ‘फ्रॉग व्हायरस ३’ चालवतो. ॲलन ग्रॅनॉफ यांना १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या लेपर्ड बेडकात सापडलेला हा रानाव्हायरस. (नावाचा आपल्या रानाशी संबंध नाही, लॅटिनमध्ये राना म्हणजे बेडूक.) दुसऱ्याकडे झेनोपस लेव्हिस, हा दक्षिण आफ्रिकेतला नख्यांचा बेडूक, कारण रानाव्हायरसविरुद्धची प्रतिकारशक्ती ह्याच्यात फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. विषाणूला मूत्रपिंडाचं घर गाठायचं असतं. तो मुख्यतः तिथेच वाढतो.

गाडी अडली ती बेडूकमाशापाशी. प्रौढ झेनोपस काही आठवड्यांत विषाणू निपटून काढतो, बेडूकमासे बहुतेक मरतात, एवढं वाचून मी सरळ बेडूकमाशाचे सगळे आकडे निम्मे केले होते. नऊ डावांत नऊ वेळा हार. पुतण्या म्हणाला, “काका, हरणार हे आधीच माहीत असेल तर फासा टाकायचा कशाला?” बरोबर होतं त्याचं. पुन्हा वाचायला बसलो तेव्हा कळलं की माझा आळस नियमात उतरला होता. बेडूकमासा म्हणजे अर्ध्या ताकदीचा बेडूक नव्हेच. त्याच्या हातातले पत्तेच वेगळे.

प्रौढाचा डाव असा चालतो (एक फेरी म्हणजे एक दिवस): पहिल्याच फेरीत मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) धावून येतात, तिसऱ्या फेरीच्या सुमारास एनके पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या), आणि सहाव्या फेरीच्या सुमारास सीडी-८ टी पेशींचा (नेमक्या संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या) भर येतो. ह्या टी पेशी काढून टाकल्या तर प्रौढ बेडूकसुद्धा विषाणूपुढे कमी पडतो. पण टी पेशीला संसर्ग झालेली पेशी ओळखता यायला हवी, आणि त्यासाठी त्या पेशीने आत शिजणाऱ्या विषाणूचे तुकडे एमएचसी वर्ग १ ह्या खिडकीत मांडायला हवेत. बेडूकमाशात ही खिडकी रूपांतरणापर्यंत, म्हणजे त्याचा बेडूक होईपर्यंत, जवळजवळ बंदच असते. म्हणून नवा नियम: सीडी-८चा पत्ता बेडूकमाशालाही मिळतो, पण टाकता येत नाही. हातात धरून बसायचं. पुतण्याला हे निम्म्या आकड्यांपेक्षा जास्त चिडवणारं वाटतं, आणि मला तेच हवं होतं.

मोबदल्यात त्याला दोन पत्ते दिले. एक, ठरावीक साच्यातल्या मोजक्या टी पेशींचा. त्या नेहमीच्या खिडकीवर अवलंबून नसतात, आणि त्यांतला एक गट काढून टाकल्यावर बेडूकमासे जास्त सहज बळी पडलेले दिसले आहेत. दुसरा इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांचा. प्रौढाचा भर प्रकार १ वर, तर बेडूकमाशाचा मुख्यतः प्रकार ३ वर. प्रकार १ त्याच्याकडे उशिरा आणि थोडाच येतो. बेडूकमाशांना आधीच इंटरफेरॉन टोचून पाहिलं तेव्हा विषाणू घटला, ते काही दिवस जास्त जगले, पण मरण टळलं नाही. म्हणून हा पत्ता विषाणू मारत नाही, फक्त तीन फेऱ्या उसंत देतो. आता बेडूकमासा दहा डावांत तीनदा रूपांतरणाच्या घरापर्यंत पोचतोय.

कातडीचे पत्ते मात्र बाजूला काढले. एस्क्युलेंटिन-२पी आणि रॅनाट्युएरिन-२पी ही पेप्टाइडं (कातडीतून पाझरणारी छोटी प्रथिनं) हा विषाणू मिनिटांत निकामी करतात, पण ती लेपर्ड बेडकाची. झेनोपसच्या हातात उसनी कशाला? कोणी सह्याद्रीतल्या हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार ह्या बेडकाचं युरुमिन हे पेप्टाइड सुचवलं होतं. मोह झाला, आपला बेडूक तो. पण युरुमिन माणसाच्या एच१ फ्लूवर चालतं. नकोच.

आता ह्या वेळचा फजितीचा भाग. विषाणू मॅक्रोफेजमध्ये शांतपणे लपून राहू शकतो, ज्याने गिळायचं त्याच्याच पोटात. म्हणून विषाणूच्या खेळाडूला एक सोंगटी मॅक्रोफेजच्या पत्त्याखाली गुपचूप सरकवायची मुभा दिली. सोंगटी चांगली जाड, पत्ता एका बाजूने तिरपा उभा! समोरचा लगेच बोट ठेवतो, “इथे आहे.” सगळेच पत्ते सारखे तिरपे दिसावेत म्हणून बाकीच्या मॅक्रोफेज पत्त्यांखाली शर्टाची बटणं ठेवून पाहिली, तर ती फारच पातळ. कोटाची बटणं बरोबर उंचीची निघाली, पण घरात चारच सापडली आणि मॅक्रोफेजचे पत्ते सहा आहेत.

रूपांतरणाचं घरही अजून कच्चं आहे. तिथे पोचल्यावर थायमसमधल्या (टी पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीतल्या) पुष्कळ लिंफोसाइट, म्हणजे टी पेशींसारख्या संरक्षक पेशी, गळतात, म्हणजे हातातले पत्ते टाकायचे. सगळे की अर्धे, ह्यावर पुतण्याशी वाद चालू आहे. येत्या रविवारी दोन्ही खेळून बघू. दोन कोटाची बटणं कोणाकडे पडून असतील तर सांगा.