१ ला १.४ ची घंटा

जत्रेच्या नाटकात कीबोर्डवाल्याला काय काय काढायला लागतं ते विचारू नका, वीज, टापा, शंख, आणि देवळाचा सीन आला की घंटा. बाकीचं खपून जातं हो, पण गोव्यात फोंड्याकडच्या प्रेक्षकांनी मंगेशी-म्हार्दोळच्या देवळांची घंटा रोज ऐकलेली, त्यांना रेडिमेड टोन देऊन काय फसवणार? म्हणून मी ती एफएम सिंथेसिसने, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनने, बनवतो. एफएम म्हटल्यावर पोरं विचारतात, रेडिओवालं काय? तत्त्व तेच, फक्त इथे दोन्ही लहरी कानाला ऐकू येणाऱ्या.

एका साइन लहरीची (साधी, शुद्ध लहर, तिला कॅरिअर म्हणायचं) फ्रिक्वेन्सी दुसरीने (ती मॉड्युलेटर) हलवायची, बस. सेकंदाला पाच-सहा वेळा हलवली तर साधा व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर. वेग वाढवत वाढवत नेला की एका जागी हेलकावे ऐकू येणंच बंद होतं आणि भलताच नवा आवाज येतो. स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग १९६७ मध्ये व्हायब्रेटोशीच खेळत होता तेव्हा त्याला हे सापडलं, मग १९७३ ला पेपर, यामाहाने लायसन्स घेतलं आणि १९८३ ला डीएक्स७ हा कीबोर्ड आला, सहा ऑपरेटर (अशा सहा लहरी) आणि ३२ अल्गोरिदमवाला (त्या जोडायच्या ३२ रचना).

आता खरी गंमत या दोन फ्रिक्वेन्सींच्या रेशोत आहे. कॅरिअर २०० हर्ट्झ आणि मॉड्युलेटर ४०० घेतला तर २००, ६००, १००० असे फक्त विषम हार्मॉनिक (मूळ सुराच्या १, ३, ५ पटीतले) येतात, क्लॅरिनेटसारखा पोकळ आवाज. मॉड्युलेटर २८० केला, म्हणजे १ ला १.४, की वरच्या बाजूला ४८०, ७६०, १०४० आणि खालच्या बाजूला उणे ८०, उणे ३६०, उणे ६४०. उणे फ्रिक्वेन्सी म्हणजे काय तर फेज उलटी होऊन ती ८०, ३६०, ६४० म्हणूनच ऐकू येते. हे सगळे आकडे २०० च्या पटीत नाहीत, एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हेच न जुळणं म्हणजे धातू!

पण नुसता रेशो लावून घंटा होत नाही, तिथेच सगळे अडकतात. इंडेक्सलाही (मॉड्युलेटर कॅरिअरला किती जोरात हलवतो तो आकडा) एन्व्हलप (वेळेबरोबर चढ-उतार) पाहिजे: टोल पडला तेव्हा १० च्या आसपास, मग आवाजाबरोबर तोही हळूहळू शून्याकडे. खऱ्या घंटेतही वरचे सूर आधी मरतात आणि खालचा घुमत राहतो. डेक्स्ड नावाचं डीएक्स७ची नक्कल करणारं फुकट प्लगिन आहे, त्यात मॉड्युलेटरचा लेव्हल म्हणजेच इंडेक्स समजा, त्याचा डिके (विरायचा वेळ) लांब ठेवा, दहा-पंधरा सेकंद. (आतून डीएक्स७ फ्रिक्वेन्सीऐवजी लहरीची फेज हलवतो, पण आपल्या कामाला फरक पडत नाही.)

हाच पॅच (आवाजाची ही सगळी मांडणी) एन्व्हलप आखडून पाव सेकंदाचा केला की ड्रम होतो. घुमट, म्हणजे आपलं गोव्याचं मातीचं वाद्य, मात्र अजून नाही जमलेलं. दुसऱ्या हाताने तोंड झाकून-उघडून जो सूर सरकतो ना, त्याला पिच एन्व्हलप लावून बघतोय, पण तो हात दर ठोक्याला वेगळा असतो, तेव्हा बहुतेक पिच व्हीलवरच (हाताने सूर वर-खाली करायचं चाक) सोडावं लागणार.