रुग्णालयाच्या ग्रंथालयाकडून साहित्यशोध करून घेताना: माझा अनुभव

इंग्लंडमधील एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या एका रुग्णालयात वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात मी परिचारिका म्हणून काम करते. पडण्याचा धोका असलेल्या रुग्णांना तळव्याला रबरी ठिपके असलेले, न घसरणारे मोजे द्यायचे, अशी पद्धत आमच्या वॉर्डात रूढ होती. लेखी कार्यपद्धतीचा फेरविचार सुरू झाला तेव्हा या पद्धतीमागे कोणता पुरावा आहे, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. पबमेड हे वैद्यकीय शोधनिबंध शोधण्याचे संकेतस्थळ 1997 पासून सर्वांसाठी विनामूल्य खुले असल्याने काही निबंध मी स्वतःही शोधले असते. परंतु अनेक रुग्णांची काळजी ज्यावर अवलंबून आहे असा निर्णय घेताना, जे आपल्याला सापडले नाही ते खरोखरच उपलब्ध नाही का, हेही सांगता यावे लागते, आणि त्यासाठी लागणारे कसब प्रशिक्षित ग्रंथपालाकडे असते. साहित्यशोधाची, म्हणजे विषयावरील प्रसिद्ध संशोधन शोधून देण्याची, ही सेवा एनएचएसच्या कर्मचाऱ्यांना विनामूल्य मिळते. ती फक्त डॉक्टरांसाठी आहे, असा समज काही सहकाऱ्यांमध्ये मला आढळला. तो निराधार आहे.

विनंतीचा अर्ज साधा होता. नाव, हुद्दा, विभाग, शोध कशासाठी हवा आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत हवा आहे, ही माहिती सुरुवातीला द्यायची होती. समोरच्या रुग्णाच्या उपचारासाठी तातडीने उत्तर हवे असल्यास तसे नमूद करण्याची सोय होती, कारण अशा विनंत्यांना प्राधान्य मिळते. त्यानंतर प्रश्न चार भागांत मांडायचा होता: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम कोणता. वैद्यकीय जगात ही मांडणी पिको या नावाने ओळखली जाते. आधीपासून माहीत असलेला एखादा उपयुक्त निबंध असल्यास त्याचाही उल्लेख करायचा होता. त्यावरून ग्रंथपालांना आपला शोध योग्य दिशेने चालला आहे की नाही हे तपासता येते.

अर्ज पोहोचल्यावर ग्रंथपाल बाईंचा दूरध्वनी आला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा भाग तो संवाद होता. रुग्ण पडणे मोजायचे आहे, पडून झालेली इजा मोजायची आहे, की केवळ पाय घसरणे, असे त्यांनी विचारले. तुलना अनवाणी चालण्याशी करायची की रुग्णाच्या स्वतःच्या पादत्राणांशी, वृद्धाश्रमांतील अभ्यास चालतील की केवळ रुग्णालयांतील, हेही त्यांना हवे होते. आमच्याकडील अनेक रुग्ण तातडीने दाखल होतात, त्यांच्या सपाता घरीच राहतात आणि रात्री शौचालयाकडे जाताना ते पलंगावरून एकटेच उठतात, हे मी सांगितल्यावर तुलना कशाशी करायची ते लगेच स्पष्ट झाले. वॉर्डातील हे तपशील कोणत्याही डेटाबेसमध्ये नसतात, ते परिचारिकेनेच द्यावे लागतात. त्यामुळे विनंती पाठवून आपले काम संपले असे कोणी समजू नये.

शोध मेडलाइन आणि एम्बेस हे वैद्यकीय शोधनिबंधांचे डेटाबेस, परिचर्या विषयाला वाहिलेले सिनाहल आणि उपचारांच्या पुराव्यांच्या समीक्षा प्रसिद्ध करणारी कोक्रेन लायब्ररी यांत घेण्यात आला. मेडलाइनमधील निबंधांना मेश या सूचीतील ठरावीक विषयशीर्षके दिलेली असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ही सूची 1960 मध्ये सुरू केली. पडण्याच्या घटनांसाठी तीत स्वतंत्र शीर्षक आहे, मात्र मोज्यांसारख्या विशिष्ट वस्तूसाठी शीर्षकावर विसंबता येत नाही, म्हणून निरनिराळे लेखक वापरत असलेले सर्व शब्द एकेक करून घालावे लागतात. ‘सॉक’ या शब्दापुढे तारांकन दिले, तर त्याने सुरू होणारे सर्व शब्द गोळा होतात आणि दाताच्या व कृत्रिम पायाच्या ‘सॉकेट’विषयीचे निबंधही यादीत शिरतात, हे ग्रंथपाल बाईंनी मला दाखवले, त्यांनी तारांकन टाळून एकवचन आणि अनेकवचन स्वतंत्रपणे लिहिले होते. ही बारकाई पाहताना मला या व्यवसायाविषयी मनापासून आदर वाटला.

हाती आलेल्या अहवालात निबंधांचे गोषवारे, त्यांची विषयवार विभागणी आणि शेवटी प्रत्येक डेटाबेसमध्ये वापरलेली शोधाची ओळन्‌ओळ होती. वृद्धांचे पडणे टाळण्याविषयीच्या 2018 च्या कोक्रेन समीक्षेत 95 चाचण्या समाविष्ट आहेत, त्यांपैकी रुग्णालयांतील केवळ 24. न घसरणाऱ्या मोज्यांवर थेट झालेले काम त्याहून कितीतरी विरळ आहे, आणि हे मोजे रुग्णालयात पडणे कमी करतात असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही. हे उत्तर आमच्या बैठकीत टिकले, याचे कारण शोध कसा घेतला हे कागदावर होते आणि कोणालाही तो पुन्हा पडताळता आला असता.

पूर्ण निबंधांपैकी बरेचसे एनएचएसच्या ओपनअथेन्स या ऑनलाइन वाचनप्रवेशाच्या खात्यातून लगेच उघडले. उरलेले ग्रंथालयाने बाहेरून मागवून दिले. त्यासाठी प्रत व्यावसायिक कारणासाठी नाही, असे स्वामित्वहक्क कायद्यानुसार लिहून द्यावे लागले.

महाराष्ट्रात शिकणाऱ्या परिचर्या आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनीही प्रबंधाचा आराखडा लिहिण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी असेच सविस्तर बोलावे, असे मला कळकळीने वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने 2007 मध्ये कोक्रेन लायब्ररी देशभरातील वाचकांना विनामूल्य उपलब्ध झाली, आणि 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके मिळू लागली. निबंध हाताशी आले असताना नेमका निबंध काढून देणाऱ्या माणसाची गरज अधिकच वाढते.

आमच्या वॉर्डाने कार्यपद्धतीत रुग्णाची स्वतःची, पायात नीट बसणारी पादत्राणे घरून मागवण्याला पहिले स्थान दिले, आणि ती येईपर्यंतच मोजे वापरावेत असे लिहिले. शोधाची नोंद त्याच कागदाला जोडली आहे, म्हणजे पुढील फेरविचाराच्या वेळी ग्रंथालयाला तोच शोध नव्या तारखांसह चालवता येईल.