कोठ्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा

आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे. घरी गौळाऊ बैलांची जोडी, हंसा आणि शेऱ्या, एक गाय, एक कालवड आणि एक गोऱ्हा. कोठ्याचं, म्हणजे ढोरांच्या गोठ्याचं, सगळं काम मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नवरा दिवसभर जिनिंगमध्ये, त्यामुळे सोडणं-बांधणं, कुटार, ढेप, पाणी सगळं माझ्याकडे आलं. शेण मी आधीही काढत होते, पण तेव्हा बैल वावरात गेलेले असायचे. बांधलेल्या दोन बैलांच्या मधून टोपलं घेऊन जाणं हे वेगळं काम आहे. त्यात गौळाऊ जात पळायला हलकी, आणि पळायला हलकी म्हणजे वळायलाही चपळ.

मामाजी अंगणातल्या बाजेवरून शिकवत. "आधी त्याले आवाज दे. मंग खांद्याकडून जाय. मागून नको, शिंगाच्या समोरून बी नको." ते असं का म्हणतात हे हळूहळू कळत गेलं. ढोराचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर, ३०० अंशांहून जास्त दिसतं. पण शेपटीच्या थेट मागे उभं असलेलं माणूस त्याला दिसत नाही. तिथून अचानक हात लागला की ते दचकून लाथ मारणारच. आणि गाय-बैलाची लाथ नुसती मागे जात नाही, पुढे येऊन बाजूला फिरते. म्हणून मांडीजवळ जायचं तर पार अंगाला टेकून, हात पाठीवर ठेवून. नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेर. मधल्या अंतरावर मार सगळ्यात जोराचा बसतो.

मी साडीवर मामाजींचा जुना सदरा घालून कोठ्यात जायला लागले. वावरात आम्ही बाया तसाही सदरा घालतोच, पण इथे त्याचा वेगळा उपयोग झाला. पदर वाऱ्यानं उडत नाही, शिंगात अडकत नाही, आणि ओळखीचा वास असल्यामुळे शेऱ्या फुरफुरणं कमी करायचा.

मग कोठ्यातच बदल केला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला. पूर्वी गव्हाणीत चारा टाकायला दोन बैलांच्या मधून वाकून जावं लागे. आता गव्हाणीच्या मागच्या भिंतीला झरोका पाडला आहे. कुटार आणि ढेप बाहेरूनच टाकते. आतल्या कोपऱ्यात दोन खांब असे रोवले की माणूस अंग तिरकं करून निसटेल, पण ढोर येणार नाही. दाव्याला सुटी गाठ, एका हिसक्यात मोकळी होणारी. आणि कासरा हाताला गुंडाळायचा नाही, कितीही घाई असो. बैल बुजला तर गुंडाळलेला कासरा बोटं घेऊन जातो, नाहीतर माणसाला फरफटत नेतो. पकडायचा तो घडी करून मुठीत, सोडता येईल असा.

खरी काळजी गोऱ्ह्याची होती. चंद्या. त्याची आई तो तान्हा असताना गेली, बाटलीनं वाढवला. गल्लीतली पोरं त्याच्याशी टक्कर खेळायची, तोही डोकं लावायचा, सगळ्यांना गंमत वाटे. लोक म्हणतात माणसात वाढलेलं ढोर गरीब असतं. गोऱ्ह्याच्या बाबतीत हे उलटं आहे. एकटा, माणसांच्या हातावर वाढलेला गोऱ्हा माणसालाच आपल्या कळपातला समजतो, आणि वयात आला की कळपातल्या दुसऱ्या नराशी जसं भिडतात तसं माणसाशी भिडतो. अजून तो आदत होता, दुधाचे दात पडायचे होते, तरी चिन्हं दिसू लागली. चालून येण्याआधी तो आडवा उभा राहायचा, पूर्ण बाजू दाखवून, मान वाकवून, पाठ फुगवून. मामाजी म्हणाले, "आडवा झाला का समज, तो तुले आपलं माप दाखवून रायला. माती उकरायची वाट नको पाहू." खरंच, माती उकरणं, शिंगं जमिनीला घासणं, डोळे वटारणं हे नंतरचं.

अशा वेळी पाठ दाखवून पळायचं नाही. ढोर माणसापेक्षा जोरात पळतं. त्याच्याकडे तोंड ठेवून, तिरपं, सावकाश मागे सरकायचं, आडोशाकडे. काठी हातात असावी ती मारायला नाही, अंतर राखायला. आलाच तर टोपलं त्याच्यासमोर टाकून द्यायचं, तो आधी त्याला भिडतो. पोरांची टक्कर त्याच दिवशी बंद केली आणि त्याला दुसऱ्या ढोरांच्या बाजूला बांधायला लागलो.

होळीच्या आधी चंद्याला खच्ची करायला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. खोड्यात घालून डॉक्टरांनी चिमटा लावला. त्यात चामडी कापत नाहीत, नुसत्या आतल्या नसा दाबून बंद करतात. पूर्वी गावात ठेचायचे, त्या यातनांपुढे हे फार बरं. त्यांनी बजावलं की स्वभाव लगेच निवत नाही, काही आठवडे जातात, आणि लागलेल्या सवयी तर शिकवूनच काढाव्या लागतात. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन लावून फिरतं पथक बोलावता येतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते प्रत्येक घरी माहीत असायला हवं. शांत ढोर अचानक अंगावर येतं, घोगरं हंबरतं, तोंडातून लाळ गळते, पाणी गिळत नाही, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. कुत्रं चावल्यावर होणारा रेबीज असू शकतो. आणि शिंग लागलं तर वरची जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जायचंच. शिंग खोल जातं, पोटात आत रक्तस्राव झालेला बाहेरून दिसत नाही, शिवाय धनुर्वाताची सुई घ्यावीच लागते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी मी केली. हळद-तूप लावून पळसाच्या पानानं खांदे शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं. उभी राहिले खांद्याच्या बाजूला, मानेच्या फेऱ्यातून बाहेर. माशी हाकलायला झटकलेलं शिंगही लागतं. तोरणाखाली हंसा आणि शेऱ्या गेले. चंद्याला नेलं नाही. डफड्यांचा गजर, फटाके, गर्दी, तिथे नवं ढोर बुजलं तर पोराबाळांना पळायला जागा नसते.

आता त्याला हंसाच्या जोडीला नुसतं जू ठेवून सकाळी पांदणीनं चालवतो. सोयाबीन निघालं की हरभऱ्याच्या पेरणीआधी वखराला लावायचं ठरलं आहे. बैलबंडीला यंदा नाही, असं मामाजींचं म्हणणं आहे, आणि मलाही ते पटतं.