कुकच्या नकाशात काय राहिलं

एप्रिल १७७०च्या अखेरीस ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, पुढं ‘बॉटनी बे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उपसागरात शिरलं, तेव्हा तिथल्या मूळ रहिवासी ग्वेगल लोकांतले दोन पुरुष भाले घेऊन इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या होड्या अडवायला उभे राहिले. बंदुका झाडल्या गेल्या, एक जण जखमी झाला. झोपड्यांतले भालेही कुकच्या लोकांनी उचलून नेले. त्यातले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते, ते २०२४ साली परत दिले गेले.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जमीनमोजणीत नोकरी केली, म्हणून पुढच्या आठवडाभरातलं काम मला जवळचं वाटतं. शिशाचं वजन बांधलेली दोरी होडीतनं सोडायची, तळ लागला की किती वाव पाणी ते टिपायचं, किनाऱ्यावरच्या खुणांची दिशा होकायंत्रानं घ्यायची. कुकचा हात पक्का होता.

पण मोजणीला गेलं की आम्ही आधी बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारायचो: पावसात पाणी कुठवर चढतं, चैत्रात विहिरीला काय उरतं? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा जुलैत बघून कुणी एप्रिलचा हिशेब मांडत नाही. कुकला हे सांगू शकणारी माणसं समोर होती. गोळीबारानंतर ती जवळ आली नाहीत.

कुक आणि त्याच्या जहाजावरचा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्या वर्णनावर भरवसा ठेवून जानेवारी १७८८मध्ये आर्थर फिलिप इंग्रजांची वसाहत वसवायला ११ जहाजं घेऊन तिथं पोचला. तिकडचा ऐन उन्हाळा. उपसागर उथळ, समुद्राच्या वाऱ्याला उघडा, गोडं पाणी तुटपुंजं. काही दिवसांतच सगळा ताफा उत्तरेला पोर्ट जॅक्सनला हलवला. तिथं सिडनी वसलं.

नावाचंही तसंच. आधी कुकनं तिथल्या मोठाल्या पाकट माशांवरनं नाव लिहिलं. मग बँक्स आणि त्याचा सोबती वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडर यांनी गोळा केलेल्या वनस्पतींचा ढीग बघून ते ‘बॉटनी बे’ केलं. मुखाच्या दोन टोकांना त्या दोघांची नावं. तिथं पुरलेल्या सदरलँड नावाच्या खलाशाचंही नाव एका टोकाला. जखमी ग्वेगल माणसाचं कुठंच नाही.

आमच्या शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगावी झालं. घरात आम्ही बेळगावच म्हणतो. त्यामुळं या उपसागराचं मूळ नाव ‘कामे’ आहे हे कळल्यावर मी ते लगेच वहीत लिहून ठेवलं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या नावात आता कामे आधी येतं, बॉटनी बे नंतर. हा क्रम बरोबर आहे.