उतरताना कठडा धरावा लागतो

सोमवार

आज जिना उतरताना कठडा धरला. चढताना काही नव्हतं, त्रास उतरतानाच. शनिवारी बैठका मारल्या, काल नुसतंच अवघडल्यासारखं वाटत होतं आणि आज मांड्यांनी हजेरी लावली. व्यायाम नवा असला की हे दुखणं असं उशिरानेच येतं. २४ ते ७२ तासांत टिपेला पोहोचतं आणि मग आपलं आपण ओसरतं. स्नायू लांबत असतानाच जोर लावावा लागला की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून बैठकीत खाली जाणं, उतारावर चालणं, वजन हळूहळू खाली ठेवणं यांनी जास्त दुखतं. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की दर वेळी त्रास कमी होत जातो.

भाच्याचं निदान वेगळं. "मावशी, लॅक्टिक ॲसिड साचलंय. अजून थोडं पळ, निघून जाईल." त्याला म्हटलं, अरे, ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून ओसरतं, सोमवारपर्यंत माझ्या मांडीत मुक्कामाला कशाला राहील? यावर तो म्हणाला, जिममध्ये सगळे असंच म्हणतात. म्हणोत बापडे.

मला खरी चिंता दुखण्याची नाही, कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं नाही याची आहे. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतायत, कुठे म्हणून विचारलं तर अख्खा तळहात ठेवून दाखवावं लागतं, थोडं हिंडलं-फिरलं की बरं वाटतं. हे चालतं. दुखणं एकाच बाजूला आहे, एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, चालू लागलं की वाढतं, रात्री पडल्या पडल्याही जाणवतं, तर थांबायचं आणि दाखवून यायचं. नडगीचं हाड असं एकाच ठिकाणी दुखलं तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, आणि तो पळून बरा होत नाही. सांध्याला सूज आली तर तेच. एकदम फार व्यायाम केल्यावर स्नायू भयंकर दुखून लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट डॉक्टर गाठायचा. तिथे स्नायू मोडून किडनीवर ताण येत असतो. छातीत दुखणं, चक्कर येणं यांबद्दल तर वेगळं लिहायलाच नको.

बुधवार

वजनकाट्याने खूश केलं. पण या खुशीत फार रमू नये, कारण पहिल्या आठवड्यातलं घटलेलं वजन बरंचसं पाणी असतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की साठा उतरतो, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी आपली जागच्या जागी. मग एक दिवस नीट जेवलं की काटा वर चढतो आणि माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहतो. इथूनच गोंधळ सुरू होतो.

माझ्या मते दुखापतीची निम्मी तयारी ताटातच होते. आपण एकाच मुहूर्तावर ठरवतो, आजपासून खाणं निम्मं आणि हालचाल दुप्पट. घराची दुरुस्ती काढायची आणि त्याच दिवशी सिमेंटचा पुरवठा बंद करायचा, तसा हा प्रकार. व्यायामाने स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या), हाडं यांवर ताण येतो. ती बळकट होतात नंतर, खाऊन आणि झोपून. कच्चा माल मिळाला नाही तर नुसता ताण उरतो.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी उपासमारीचा एक प्रयोग केला होता. ३६ निरोगी तरुण, स्वेच्छेने आलेले. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १,५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर चालायचं. वजन सुमारे पाव भागाने उतरलं. पण ताकद गेली, सारखी थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, डोक्यात दिवसरात्र खाण्याचाच विषय. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! तरुण पुरुषांना लागतं जास्त, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मला लावता येणार नाही. तरी लोक हौसेने एकमेकांना पाठवतात ते १,२०० कॅलरींचे तक्ते पाहिले की मला ही पोरं आठवतात. त्यांच्यावर निदान डॉक्टरांची नजर होती.

मी ठरवलंय ते साधं आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर पुरे. जेवण एकही चुकवायचं नाही, ताटातलं थोडं थोडं कमी करायचं, पण प्रथिनं कमी करायची नाहीत, उलट वाढवायची. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम असा आहे, तो साध्या जगण्यासाठी. व्यायाम करणाऱ्यांना क्रीडा-आहारातले तज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सांगतात. ७० किलोच्या माणसाला पहिल्या हिशेबाने ५८ ग्रॅम, दुसऱ्याच्या खालच्या टोकाने ९८. फरक बराच आहे आणि तो एका जेवणात भरून निघत नाही. म्हणून कडधान्यं, दूध, अंडी यांतलं काहीतरी प्रत्येक खाण्यात हवं. (किडनीचा विकार असणाऱ्यांनी हा हिशेब डॉक्टरांना विचारून करावा.) आणि पिठूळ पदार्थांशी मी वैर धरणार नाही. रिकाम्या पोटी पळायला गेलं की मला गरगरतं, आणि गरगरलेल्या माणसाचाच पाय मुरगळतो.

शुक्रवार

चालणं आणि मध्ये मध्ये हळू पळणं. वेग ओळखायची खूण: बोलता यावं, गाता येऊ नये. आज एका तरुणाने मागे टाकलं तेव्हा पाय आपसूक भरभर पडू लागले. आवरले. दम वाढायला थोडे आठवडे पुरतात, स्नायूही लवकर साथ देतात. कंडरा आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने बदलतात. म्हणून फसगत होते ती दम लागतो तेव्हा नाही, ‘आता जमतंय की’ वाटू लागल्यावर. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या दोन-तीन पट वजनाचा दणका बसतो, आणि तो हाडांनाच घ्यायचा असतो.

सुरुवातीला पाच-दहा मिनिटं चालणं, हातपाय फिरवणं. ताणून धरायचे प्रकार शेवटी.

रविवार

सुट्टी. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हे लक्ष्य आहे. अजून तिथे पोहोचले नाहीये आणि घाईही नाही. पुढच्या आठवड्यात वेळ किंवा वेग, दोन्हींपैकी एकच वाढवेन. बहुधा वेळ.

दुपारी भाच्याचा फोन. पुढल्या महिन्यात पाच किलोमीटरची शर्यत आहे, दोघांची नावं घालू का विचारत होता. म्हटलं, तुझं घाल, मी यंदा चालणाऱ्यांच्या गटात. "त्यात मेडल नसतं गं मावशी." नसू दे. नाश्ता असतो का, ते विचारून ठेव म्हणाले.