गाइडमधल्या एका ओळीपायी गेलेले अकरा दिवस (माझा अनुभव)

आधीच सांगतो, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) कसं टाकायचं ते शिकवायला हे लिहीत नाहीये. आमच्या मराठी इन्स्टॉलेशन गाइडमध्ये लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासायचं काम यंदा माझ्याकडं आलं, त्यातल्या एका दुरुस्तीत अकरा दिवस गेले आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं. पुढं कुणी हे काम अंगावर घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

गाइड कशाला, ते थोडक्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपचं बिलिंग आणि कॉम्प्युटर बघतो, आमच्या गल्लीत एक ऑफिस असं नाही जिथं दहा वर्षांचा डेस्कटॉप बिलं काढत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, ही मशीनं त्यात बसतच नाहीत. आता चांगली चालती मशीनं काय भंगारात घालायची? लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याला २ जीबी रॅम पुरते, ४ असेल तर निवांत चालतं, आणि २२ ची सिरीज २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहे. म्हणून आम्ही सात-आठ जणांनी गाइड लिहायला घेतलं, रविवारी सकाळी मिसळ खाऊन राजारामपुरीत एकाच्या दुकानात बसायचं, असं करत करत ते पुरं झालं आणि गिटवर, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सिस्टीमवर, ठेवलं. दुरुस्ती कुणीही पाठवावी, दोघांनी बघून ओके द्यावं, मग मी मर्ज करायचं, म्हणजे मूळ गाइडात मिसळायचं, असं ठरलं होतं.

पहिल्या पंधरा-वीस दुरुस्त्या कधी आल्या कधी गेल्या कळलंपण नाही.

मग एका सरांची आली. तालुक्याच्या गावी शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, माणूस कळकळीचा, पोरांसाठी स्वतःच्या पैशानं पेनड्राइव्ह घेऊन देणारा. त्यांनी ‘पेनड्राइव्ह तयार करणे’ हे प्रकरण सुधारून पाठवलं, आणि मी उघडायच्या आधीच त्यावर दोघांचे ओके पडलेले होते. मी फरक बघायला गेलो तर अख्खी फाइल वरपासून खालपर्यंत लाल (काढलेलं) आणि हिरवी (नवीन घातलेलं). एक ओळ तशीच राहिली आहे असं कुठंच नाही. म्हटलं हे काय, सगळंच बदललं की काय?

पहिलं कारण लवकर सापडलं. सरांनी मजकूर विंडोजवर उघडून सेव्ह केला होता, त्यामुळं प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जास्तीचं न दिसणारं चिन्ह आलं होतं आणि गिटला ती प्रत्येक ओळ नवीन वाटत होती. फरक दाखवणाऱ्या गिट डिफ कमांडला डॅश डब्ल्यू लावलं की रिकाम्या जागांचा आणि ओळींच्या शेवटाचा फरक गळून जातो, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लिहून ठेवा. तेवढ्यानं निम्मा रंग उतरला. पण निम्मा तसाच. ‘दुसऱ्या’ हा शब्द लाल, खाली ‘दुसऱ्या’ हाच शब्द हिरवा, ‘कोऱ्या’चं तेच, ‘उतरणाऱ्या’चं तेच. मी स्क्रीनला डोळे लावून बघतोय, दोन्हींत काडीचा फरक नाही. शेवटी एकेक अक्षर त्याच्या युनिकोड नंबरासकट काढून बघितलं तेव्हा कळलं. आमच्या फाइलमध्ये तो ऱ् म्हणजे खाली टिंब असलेला र आणि हलन्त, आणि सरांनी प्रकरण नव्यानं टाइप केलं होतं, त्यांच्या कीबोर्डनं तिथं साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक घातलेला. दिसायला दोन्ही तंतोतंत तेच, मशीनला मात्र वेगळे शब्द. मराठीतलं कुठलंही गाइड तपासणाऱ्याला हे कधी ना कधी भेटणार आहे. सगळी फाइल एकाच पद्धतीच्या ऱ्यात आणायची, आणि ते काम वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, करायचं, खऱ्या बदलात कालवायचं नाही.

यात तीन संध्याकाळी गेल्या. घरी रोज साडेनऊ, बायको विचारायची ऑफिसात ऑडिट आहे का.

मग खरे बदल दिसायला लागले, आणि त्यातला एक इतका चांगला होता की मला बरं वाटलं. सरांनी बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप घालणाऱ्या एन्क्रिप्शनचा, इशारा घातला होता. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा आधीच चालू असतं, आपण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटची, म्हणजे मशीन कशावरनं चालू व्हायचं त्याची, सेटिंग बदलतो आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं, ती आधी लिहून ठेवली नसेल तर माणूस अडकला. आमच्या गाइडात हे नव्हतंच. ही चूक आमची होती, सरांनी भरून काढली.

दुसरा बदल म्हणजे आकडे. मराठी गाइड आहे तर आकडे मराठी पाहिजेत म्हणून त्यांनी सगळीकडं फाइंड-रिप्लेस मारलं होतं, कमांडमध्येसुद्धा. डीडी ही फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिणारी कमांड, तिच्यात बीएस (एका वेळी किती लिहायचं) म्हणून जो ४ एम लिहितो, तो ४ मराठी झालेला. तशी कमांड दिली की डीडी ‘इनव्हॅलिड नंबर’ म्हणून थांबतं. मी ते पकडलं, कमांडमधले सगळे आकडे परत इंग्रजी केले, एके ठिकाणी दोन छोट्या डॅशचा एक लांब डॅश झाला होता तोही सुटा केला, आणि मनात म्हटलं झालं आता, उद्या मर्ज करू. दोघांचे ओके होतेच.

माझा एक नियम आहे, गाइडमधली कमांड स्वतः चालवल्याशिवाय मर्ज करायची नाही. त्या दिवशी साडेआठ वाजलेले, कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर सोडून देणार होतो. पण ऑफिसच्या कोपऱ्यात जुनं बिलिंग मशीन पडून होतं, चौथ्या पिढीचा आय३, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क, त्यावर विंडोज १०, डेटा आधीच दुसरीकडं काढलेला. ते पेनड्राइव्हवरनं मिंटमध्ये लाइव्ह (हार्डडिस्कवर काही न टाकता) चालू केलं, आयएसओ म्हणजे मिंटची इन्स्टॉल फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर होती, दुसरा कोरा पेनड्राइव्ह लावला, आणि सरांची ओळ जशीच्या तशी कॉपी करून एंटर मारला.

कमांड चालली. आकडे सरकायला लागले. कोऱ्या पेनड्राइव्हला निळा दिवा आहे, लिहिताना तो लुकलुकतो. तो लुकलुकत नव्हता. आणि खाली कॅबिनेटचा हार्डडिस्कचा लाल दिवा मात्र सलग पेटलेला. पाच-सहा सेकंद मला काही सुधरलंच नाही. मग ओळ परत वाचली. कुठं लिहायचं ते सांगणारा ‘of’ हा भाग, त्याच्यापुढं आम्ही मुळात एसडीएक्स लिहिलं होतं, एक्सच्या जागी आपल्या पेनड्राइव्हचं अक्षर टाका अशी त्याखाली ओळ होती. सरांनी ती ओळ काढून टाकली होती आणि सरळ एसडीए लिहिलं होतं. त्या डेस्कटॉपवर एसडीए म्हणजे आतली हार्डडिस्क.

थांबवून उपयोग नव्हता, विभाजनांचा तक्ता पहिल्याच सेकंदाला गेलेला असतो. म्हणून पूर्ण होऊ दिलं, साधारण ३ जीबीची फाइल, दोनेक मिनिटांत झाली. मग सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क काढून मशीन चालू केलं, आणि हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं, मशीन मस्तपैकी मिंटच्या मेनूवर आलं! कारण ती आयएसओ हार्डडिस्कवर लिहिली तरी तिथनंही बूट होते. नवीन माणूस हे बघून काय म्हणेल, ‘चाललं की, झालं काम’ म्हणेल. आणि विंडोज, कोटेशनं, पोरांचे फोटो, सगळं गेलंय हे त्याला अर्ध्या तासानं कळेल.

आणि हे मर्ज व्हायला एकच रात्र बाकी होती. आकडे मराठी होते तोवर ती कमांड चालतच नव्हती, म्हणजे कुणाचं नुकसान होणार नव्हतं. मी आकडे दुरुस्त केले आणि ती चालती केली. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओके देणाऱ्या दोघांना फोन केला. एकानं फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं होतं. दुसऱ्यानं एसटीत बसून मोबाईलवर वरनं खाली सरकवलं होतं. अरे, मग ओके कशाला देता? ‘मी शुद्धलेखन बघितलं, कमांड बघितल्या नाहीत’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांचे ओके बघूनच मी ढिला पडलो होतो. याचा राग अजून गेलेला नाही.

सरांना फोन केला. म्हटलं, “सर, ती एसडीएची ओळ धोक्याची आहे, मशीन पुसून निघतं. बदल सुटे करून फाइल परत पाठवा.”

“अहो, मी तीन वेळा करून बघितलंय. पोरांसमोर केलंय. चालतंय म्हणून तर पाठवलं की तुम्हाला.”

“सर, तुमच्या लॅपटॉपला आतली डिस्क कसली आहे?”

“ते मला काय माहीत? आणि तुम्ही सगळी फाइल परत पाठवा म्हणताय, मी आठ दिवस बसलो होतो त्यावर.”

फोन ठेवला, आणि पुढं चार दिवस काही उत्तर नाही. मी ओळ स्वतः बदलून मर्ज करू शकत होतो. पण त्यांना पटलं नसतं तर ते शाळेत पोरांना तेच शिकवत राहिले असते, म्हणून थांबलो. रोज उघडून बघायचो. पाचव्या दिवशी सकाळी मी एलएसबीएलकेचे (लावलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) दोन फोटो काढून पाठवले, एक माझ्या जुन्या डेस्कटॉपचा, एक ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपचा. डेस्कटॉपवर हार्डडिस्क एसडीए, पेनड्राइव्ह त्याच्यापुढं. लॅपटॉपवर आतली डिस्क एनव्हीएमई या नव्या प्रकारची, तिचं नावच वेगळं, त्यामुळं पहिल्या लावलेल्या पेनड्राइव्हला एसडीए मिळतं. खाली लिहिलं, सर, तुमच्यात तुम्ही बरोबर आहात, आणि हे गाइड ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात हीच ओळ डेटा घालवते.

दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज उतरलेला. “शाळेतली सगळी मशीनं जुनी डेस्कटॉपच आहेत हो. पुढच्या आठवड्यात पोरांना घेऊन बसणार होतो.” आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललोच नाही.

नवीन मजकूर मग आम्ही दोघांनी मिळून तीन दिवसांत लिहिला. पेनड्राइव्ह न लावता एलएसबीएलके चालवा, लावून परत चालवा, जी ओळ नव्यानं आली तोच तुमचा पेनड्राइव्ह. साइज, मॉडेल आणि ट्रॅन (डिस्क कशानं जोडली आहे ते) हे कॉलम मागवा, ट्रॅनखाली यूएसबी दिसलं पाहिजे, साटा किंवा एनव्हीएमई (म्हणजे आतली डिस्क) दिसलं तर हात मागं घ्या. आणि बाहेरची हार्डडिस्कही यूएसबीच दाखवते, म्हणून साइज बघितल्याशिवाय एंटर मारायचा नाही, हे सरांनी सुचवलं. नवख्यानं तर डीडीच्या वाटेला जाऊच नये, मिंटमध्ये यूएसबी इमेज रायटर दिलेलं आहे, ते वापरावं. कमांडमध्ये आम्ही परत एसडीएक्सच ठेवलं, कारण एक्स तसाच ठेवून कुणी कमांड दिलीच तर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.

तपासणाऱ्यांसाठी मधेच आठवलेलं एक सांगतो, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सेटिंग) चालू असेल आणि इन्स्टॉल करताना ड्रायव्हरसाठी पासवर्ड मागितला तर पुढच्या बूटला एक निळा स्क्रीन येतो, तिथं तोच पासवर्ड देऊन ड्रायव्हरची की एनरोल करायची, म्हणजे मशीनमध्ये नोंदवायची असते, लोक ते घाईत पुढं ढकलतात आणि मग वायफाय चालत नाही म्हणून फोन येतात. हा भाग नुसता वाचून तपासता येत नाही. हातात जुनं एक आणि नवं एक मशीन पाहिजेच, आमच्या गाइडला आता दोन्हींवर चालवल्याशिवाय मर्ज नाही, आणि ओके देणाऱ्यानं कुठल्या मशीनवर चालवलं ते लिहायचं. एका दुरुस्तीत एकच बदल. आकड्यांची वेगळी, ऱ्याची वेगळी, बिटलॉकरची वेगळी. सरांची ती एक दुरुस्ती आम्ही शेवटी चार तुकडे करून घेतली, चारही त्यांच्याच नावावर.

अकराव्या दिवशी रात्री मर्ज केलं.

दोन आठवड्यांनी सरांचा मेसेज आला, शाळेतल्या मशीनवर मिंट बसलं, दोन मशीनवर विंडोजपण ठेवलंय, पण त्या दोन्हींत विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दाखवतंय. बरोबरच आहे, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं, लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडनं लोकल आरटीसी (मशीनच्या घड्याळात इथलीच वेळ ठेवणं) चालू केलं की जुळतं. सरांनी त्याच रात्री दुरुस्ती पाठवली. एकच ओळ, आकडा इंग्रजी, खाली लिहिलेलं: जुन्या डेस्कटॉपवर चालवून बघितलं आहे. मी माझ्या दोन्ही मशीनवर चालवली आणि दहा मिनिटांत मर्ज केली.